ई-शासन आणि भ्रष्टाचार नियंत्रण : 'भूमी' प्रकल्पाचे धडे

शेतजमिनीचा उतारा हा ग्रामीण भारतातील अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. पीककर्ज घ्यायचे असो, जमीन विकायची असो, वारसांची नावे लावायची असोत किंवा न्यायालयात एखाद्याला जामीन राहायचे असो. या कागदावाचून शेतकऱ्याचे काम अडते. महाराष्ट्रात या उताऱ्याला सातबारा म्हणतात, तर कर्नाटकात तो 'पहाणी' या नावाने ओळखला जातो. हा कागद देणे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती शेतकऱ्याची अडवणूक करण्याची शक्तीही असते. पेरणीचे दिवस तोंडावर आले आणि बँकेने उतारा मागितला, की शेतकऱ्याला थांबणे परवडत नाही. लाच ही अनेकदा या घाईचीच किंमत असते.

विकसनशील देशांतील सामान्य नागरिकाचा शासनाशी येणारा संबंध बहुतांशी अशाच दाखल्या-उताऱ्यांपुरता, शिधापत्रिकेपुरता किंवा मजुरी-निवृत्तिवेतनापुरता असतो. त्यामुळे भ्रष्टाचाराचा त्याला येणारा अनुभवही याच खिडकीवरचा असतो. गेल्या पाव शतकात या सेवा संगणकाद्वारे देण्याचे मोठे प्रयत्न झाले. त्यांतून भ्रष्टाचार खरोखर कमी झाला का, झाला असल्यास कोणत्या कारणांमुळे आणि न झाल्यास तो कोठे दडून राहिला, या प्रश्नांची उत्तरे शोधताना कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाचा अनुभव विशेष मार्गदर्शक ठरतो.

भ्रष्टाचाराचे अर्थशास्त्र

भ्रष्टाचार हा केवळ नीतिमत्तेचा प्रश्न आहे, असे मानले तर त्यावरील उपाय उपदेशापुरता किंवा शिक्षेपुरता मर्यादित राहतो. अर्थशास्त्र त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहते. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक सुटसुटीत सूत्र मांडले : भ्रष्टाचार = मक्तेदारी + स्वेच्छाधिकार − उत्तरदायित्व. सेवा देणारा एकच असेल, ती कोणाला व केव्हा द्यायची हे तोच ठरवीत असेल आणि त्याला त्याबद्दल कोणी जाब विचारत नसेल, तर तेथे लाचखोरी फोफावते. व्यक्ती बदलली तरी रचना तीच राहिल्यास परिणामही तोच राहतो.

दुसरा भेद आंद्रे श्लायफर व रॉबर्ट विश्नी यांनी १९९३ मध्ये स्पष्ट केला. काही व्यवहारांत अधिकारी सरकारी शुल्क तिजोरीत भरतो आणि त्याव्यतिरिक्त स्वतःसाठी पैसे उकळतो. येथे नागरिक नाडला जातो, म्हणून तो तक्रार करण्यास उत्सुक असतो. काही व्यवहारांत मात्र अधिकारी व नागरिक संगनमताने शासनालाच फसवितात. मालमत्तेचे मूल्य कमी दाखवून मुद्रांक शुल्क बुडविणे, हे त्याचे उदाहरण. येथे दोघांचाही लाभ असल्याने तक्रारदारच उरत नाही. ई-शासनाचे मूल्यमापन करताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो; कारण अडवणुकीच्या लाचखोरीवर जे उपाय प्रभावी ठरतात, ते संगनमताच्या भ्रष्टाचारापुढे अपुरे पडतात.

संगणकापूर्वीची व्यवस्था

कर्नाटकात सुमारे ९,००० ग्राम लेखापाल जमिनीच्या हस्तलिखित नोंदी सांभाळीत असत. एकेका लेखापालाकडे साधारणपणे तीन-चार गावे असत. उतारा हवा असल्यास त्यालाच गाठावे लागे. तो दुसऱ्या गावी गेला असल्यास वाट पाहावी लागे. नोंदवह्या त्याच्याच ताब्यात असल्याने त्या इतर कोणाला सहजी पाहता येत नसत. उतारा मिळण्यास तीन दिवसांपासून महिनाभरापर्यंत कितीही कालावधी लागे आणि त्यासाठी कामाच्या निकडीनुसार शंभर रुपयांपासून दोन हजार रुपयांपर्यंत लाच द्यावी लागे.

फेरफाराची, म्हणजे विक्री वा वारसाहक्कामुळे मालकीच्या नोंदीत होणाऱ्या बदलाची, स्थिती अधिकच बिकट होती. नियमानुसार संबंधितांना नोटीस देऊन हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत देणे आणि हरकत न आल्यास नोंद मंजूर करणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात नोटिसा वेळेवर निघत नसत, अर्जांचा क्रम पाळला जात नसे आणि प्रकरणे महिनोन्‌महिने पडून राहत. क्लिटगार्ड यांच्या सूत्रातील तिन्ही घटक येथे एकवटलेले होते.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा विचार नवा नव्हता. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील प्रत्येकी एका जिल्ह्यात हा प्रयोग सुरू केला होता. महाराष्ट्रातील वर्धा हा त्यांपैकी एक जिल्हा होय. परंतु सुरुवातीच्या अशा प्रयत्नांत एक मूलभूत त्रुटी राहत असे. जुन्या नोंदी संगणकात भरल्या जात, मात्र गावातील हस्तलिखित वही चालूच राही. नवे फेरफार वहीत होत आणि संगणकातील माहिती शिळी होत जाई. खरी नोंद अर्थातच वहीतील मानली जाई. संगणक आला, पण अधिकार जिथला तिथेच राहिला.

'भूमी'ची रचना

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने कर्नाटकाच्या महसूल विभागाने राबविलेल्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकात आणण्यात आल्या. २००२ पर्यंत राज्यातील त्या वेळच्या सर्व १७७ तालुक्यांत संगणकीकृत भूमिअभिलेख केंद्रे सुरू झाली. पंधरा रुपये शुल्क भरून कोणालाही तेथे उतारा मिळू लागला.

या प्रकल्पाचे वेगळेपण संगणकांच्या संख्येत नव्हते, तर चार निर्णयांत होते. पहिला व सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे हस्तलिखित उताऱ्यांची वैधता संपुष्टात आणणे. ज्या तालुक्यात केंद्र सुरू झाले, तेथे केवळ संगणकीकृत उताराच ग्राह्य धरण्यात आला. वहीचे महत्त्व संपताच वही सांभाळणाऱ्याची मक्तेदारीही संपली.

दुसरा निर्णय अर्जांच्या क्रमासंबंधीचा होता. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन संगणक प्रणालीतच घालण्यात आले. एखाद्याचा अर्ज मागे सारून दुसऱ्याचा पुढे घेण्याचा स्वेच्छाधिकार त्यामुळे आकुंचित झाला.

तिसरा निर्णय उत्तरदायित्वाचा. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटविल्याखेरीज प्रणाली त्याला प्रवेश देत नसे. कोणता बदल कोणी व केव्हा केला, याचा माग त्यामुळे राहू लागला. फेरफाराचे आदेश व बजावलेल्या नोटिसा यांच्या प्रतिमाही संगणकात साठविण्यात आल्या; नोटीस दिल्याचा खोटा दावा करणे त्यामुळे अवघड झाले.

चौथा निर्णय वरवर पाहता किरकोळ वाटेल. केंद्रांवर शेतकऱ्याच्या बाजूने दुसरा पडदा बसविण्यात आला. कर्मचारी आपल्या जमिनीच्या नोंदीत काय करीत आहे, हे शेतकऱ्याला समोर दिसू लागले.

परिणाम आणि त्यांच्या मर्यादा

बंगळुरू येथील पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने २००२ मध्ये या सेवेचे मूल्यमापन केले. जुन्या पद्धतीत लाच द्यावी लागल्याचे ६६ टक्के लोकांनी सांगितले होते. 'भूमी' केंद्रांवर हे प्रमाण तीन टक्क्यांवर आले. उतारा ही मूळची साधी सेवा आहे. नोंद आहे तशी छापून देण्यात कोणताही निर्णय गुंतलेला नसतो. अशा निर्णयरहित सेवेत संगणकाने मध्यस्थाची गरज जवळजवळ संपविली.

फेरफाराबाबत चित्र इतके स्वच्छ नव्हते. अर्जांचा क्रम संगणक ठरवू शकतो. परंतु वारस कोण, हरकत ग्राह्य की अग्राह्य, मोजणी बरोबर की चूक हे ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते. जेथे निर्णय उरतो, तेथे स्वेच्छाधिकार उरतो आणि त्यासोबत लाचेची शक्यताही उरते. सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'भूमी'वर याहून कठोर टीका केली. त्यांच्या मते निर्णयाचे केंद्र गावातून तालुक्याकडे सरकल्याने लहान शेतकऱ्याची त्यावरील पकड सैल झाली, तर बंगळुरूच्या परिसरात जमिनी खरेदी करणाऱ्या बड्या विकासकांना एकत्रित माहितीचा लाभ मिळाला.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी भासले, तरी ते एकाच प्रक्रियेच्या दोन टप्प्यांविषयी आहेत. उताऱ्याच्या खिडकीवरील लाच घटली, हे खरे. आणि ज्या टप्प्यांवर निर्णय माणसाच्या हाती राहिला, तेथे भ्रष्टाचाराला वाव राहिला, हेही खरे. याखेरीज एक गोष्ट विसरता येत नाही. भारतात जमिनीची महसुली नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नसून केवळ गृहीत पुरावा असतो. चुकीची नोंद संगणकात गेल्याने अचूक होत नाही. उलट तिला अधिकृततेचे वलय प्राप्त होते. म्हणूनच २००८ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात नोंदींच्या संगणकीकरणाबरोबरच मोजणी व दस्तनोंदणी यांचाही समावेश करण्यात आला. पुढे त्याचे रूपांतर डिजिटल इंडिया भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात झाले. महाराष्ट्रातही २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाजालावर उपलब्ध झाला आणि केवळ सहीसाठी तलाठी कार्यालयात खेटे घालण्याची गरज कमी झाली.

निधीच्या प्रवाहातील गळती

दाखले व उतारे ही ई-शासनाची एक बाजू झाली. दुसरी बाजू शासनाकडून नागरिकाकडे जाणाऱ्या पैशाची आहे. दिल्लीहून निघालेल्या रुपयातील सुमारे पंधरा पैसेच गरिबांपर्यंत पोहोचतात, अशी खंत तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी १९८५ मध्ये व्यक्त केली होती. ही गळती बव्हंशी संगनमताच्या प्रकारची असते. हजेरीपटावर बनावट मजूर दाखवून पैसे काढले, तर ज्याचे नाव वापरले त्याला अनेकदा त्याची वार्ताही नसते. म्हणून तक्रारही होत नाही.

बिहारमध्ये २०१२-१३ या काळात ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या निधिवितरणात केलेला बदल या संदर्भात उद्बोधक आहे. पूर्वी पंचायतींना अपेक्षित खर्चाच्या अंदाजावर आगाऊ निधी मिळे आणि मागणी अनेक प्रशासकीय पायऱ्या चढून जाई. प्रयोगासाठी निवडलेल्या विकासगटांत मधल्या पायऱ्या वगळण्यात आल्या आणि मजुरांचा प्रत्यक्ष तपशील संगणकात भरल्यानंतरच त्या खर्चापुरता निधी देण्यात आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार योजनेवरील खर्च सुमारे २४ टक्क्यांनी घटला. मात्र घरोघरच्या स्वतंत्र पाहणीत मजुरांना मिळालेल्या प्रत्यक्ष कामात घट आढळली नाही. कमी झालेला खर्च मजुरांचा नव्हता, तो गळतीचा होता, असाच याचा अर्थ होतो. येथेही निर्णायक ठरला तो संगणक नव्हे, तर 'आधी पैसे, मग हिशेब' हा क्रम उलटा करणे.

तत्कालीन आंध्र प्रदेशात १५८ मंडलांतील सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्येत मजुरी व निवृत्तिवेतन देण्यासाठी बोटांच्या ठशांवर आधारित स्मार्ट कार्डाचा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार रोजगार योजनेतील गळती सुमारे ४१ टक्क्यांनी घटली आणि पैसे अधिक लवकर मिळू लागले. विशेष म्हणजे ज्यांच्याकडे कार्ड नव्हते, त्यांनाही जुन्या पद्धतीने पैसे मिळत राहिले. तंत्रज्ञान हे लाभ नाकारण्याचे कारण बनले नाही.

वगळले जाण्याचा धोका

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. सरकारी सेवेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र व्यक्तीला लाभ मिळणे ही पहिली आणि पात्र व्यक्तीला तो नाकारला जाणे ही दुसरी. गळती रोखण्याच्या भरात पहिली चूक कमी करताना दुसरी वाढू शकते. झारखंडमध्ये स्वस्त धान्य दुकानांत आधारद्वारे ओळख पटविणे अनिवार्य झाल्यावर नेमके हेच दिसून आले. मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांच्याच अभ्यासात असे आढळले, की केवळ ओळख पटविण्याच्या सक्तीने गळतीत लक्षणीय घट झाली नाही. ज्यांची शिधापत्रिका आधारशी जोडलेली नव्हती, अशा कुटुंबांना मिळणाऱ्या लाभात मात्र घट झाली.

यामागील कारण तर्कसंगत आहे. दुकानदार खोट्या नावावर धान्य उचलत असेल, तर ओळख पटविण्याने तो रोखला जाईल. परंतु तो खऱ्याच लाभार्थ्याला वजनात कमी धान्य देत असेल, तर अंगठ्याचा ठसा त्याला अडवू शकत नाही. ठसा लाभार्थी आल्याची साक्ष देतो, माप पुरे भरल्याची नाही. त्याच वेळी श्रमाने बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धाला किंवा संपर्कजाळे नसलेल्या गावातील विधवेला त्याच यंत्रापुढून रिकाम्या हाती परतावे लागू शकते. रोगाचे निदान चुकले, की औषधाचा फक्त त्रास उरतो.

आधार कायदा, २०१६ च्या कलम ७ मध्ये, ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा पर्यायी मार्ग देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे कलम वैध ठरविले. कायद्यातील पर्याय प्रत्यक्ष दुकानात उपलब्ध आहे की नाही, यावरच त्या तरतुदीचे मोल ठरते.

कायद्याची जोड

संगणक नागरिकाला माहिती देऊ शकतो. हक्क देण्यासाठी कायदा लागतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. मे २००६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ई-शासन योजनेने २७ अभियान प्रकल्पांद्वारे शासकीय सेवा नागरिकाच्या घराजवळ आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने डिसेंबर २००८ मधील आपल्या अकराव्या अहवालात ई-शासनाचाच विचार केला. २०१५ मध्ये सुरू झालेला डिजिटल इंडिया कार्यक्रम हा याच वाटचालीचा पुढील टप्पा होय.

याला पूरक म्हणून मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला. विहित मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड करण्याची त्यात तरतूद आहे. कर्नाटकाच्या २०११ च्या 'सकाळ' कायद्यात विलंबाबद्दल नागरिकाला दररोज २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाई देण्याची सोय करण्यात आली. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. मुदत कायद्याने ठरली आणि अर्जाची तारीख संगणकाने नोंदविली, की विलंब लपविता येत नाही. लाच देणारा बहुधा वेळ विकत घेत असतो. वेळच हक्काने मिळू लागल्यास त्या लाचेचे प्रयोजन उरत नाही.

संगनमताच्या भ्रष्टाचाराविरुद्ध मात्र खुल्या माहितीची व लेखापरीक्षणाची गरज असते. सरकारी खरेदीच्या क्षेत्रात युक्रेनने २०१६ मध्ये 'प्रोझोरो' ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली अनिवार्य केली. तेथे निविदांची माहिती कोणालाही पाहता येऊ लागल्याने स्पर्धक, पत्रकार व नागरिक हेच पहारेकरी झाले. भारतातही त्याच वर्षी शासकीय खरेदीसाठी 'जेम' हे संकेतस्थळ सुरू झाले. जेथे तक्रारदार नसतो, तेथे पाहणाऱ्यांची संख्या वाढविणे हाच उपाय असतो.

समारोप

'भूमी'पासून झारखंडपर्यंतचे अनुभव एकत्र पाहिले, तर एकच सूत्र हाती लागते. संगणकीकरणाने भ्रष्टाचार आपोआप कमी होत नाही. मक्तेदारी मोडली, स्वेच्छाधिकार मर्यादित झाला आणि प्रत्येक कृतीला उत्तरदायी व्यक्ती निश्चित झाली, तरच तो कमी होतो. हस्तलिखित वही चालू ठेवून आणलेला संगणक ही केवळ महागडी टंकलेखन यंत्रणा ठरते. वहीचे कायदेशीर महत्त्व संपविणारा तोच संगणक प्रशासकीय सुधारणा ठरतो.

म्हणून कोणत्याही ई-शासन प्रकल्पाविषयी तीन प्रश्न विचारावेत. कोणाच्या हातून कोणता अधिकार काढून घेण्यात आला? जो निर्णय अजूनही माणसाकडे आहे, त्यावर देखरेख कोणाची? आणि यंत्राने नकार दिल्यास नागरिकाने कोणाकडे जावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर लाच कायम राहते, दुसऱ्याचे नसेल तर ती पुढच्या टेबलावर सरकते. आणि तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर लाच मागणारा माणूस जातो, परंतु त्याच्या जागी दाद न देणारे यंत्र येते. पेरणीच्या तोंडावर उताऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला दोन्ही तितकेच परके असतात. त्याचा कागद वेळेवर, ठरलेल्या शुल्कात आणि मानाने त्याच्या हाती पडणे, हीच ई-शासनाची खरी कसोटी होय.